मनाचा उपचार खिशाला झेपावा म्हणून

पहिली भेट कशीबशी जमते. कोणाकडून तरी उसने पैसे घेतले जातात, कामाचा एक खाडा सोसला जातो, चिठ्ठीवरची पंधरा दिवसांची औषधंही येतात. घोडं अडतं ते त्यानंतर. दुसऱ्या भेटीची तारीख येते तेव्हा हात रिकामा असतो. मग ‘आता जरा बरंच वाटतंय’ असं म्हणत औषध थांबतं, आणि तीन-चार महिन्यांनी माणूस पुन्हा तिथेच येतो, पुष्कळदा आधीपेक्षा वाईट अवस्थेत. रुग्णांच्या सोबतीला दवाखान्यात जायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. हे इतक्यांदा पाहिलंय की आता पहिल्या भेटीआधीच मी घरच्यांना बसवून वर्षाचा हिशोब मांडायला लावते. सगळ्यात महाग पडतो तो अर्ध्यावर सुटलेला उपचार. आधीचा खर्च वाया जातो, आजार बळावतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं. म्हणून इथे मी स्वस्त डॉक्टर शोधण्यापेक्षा जास्त बोलणार आहे ते वर्षभर टिकेल असा उपचार कसा आखायचा याबद्दल.

त्याआधी एक अपवाद. कोणी जीव देण्याची भाषा करत असेल, तशी तयारी करत असेल, दोन-तीन दिवस अन्नपाणी किंवा झोप पूर्ण सुटली असेल, कुणाला इजा होईल असं वागणं सुरू झालं असेल, किंवा रोज खूप दारू पिणाऱ्यानं ती एकदम सोडल्यावर थरथर, भास, फिट असं काही दिसत असेल, तर हिशोब बाजूला ठेवा आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. माणसाला एकटं सोडू नका. घरातली औषधं, कीटकनाशकं, दोरी, धारदार वस्तू हाताशी राहणार नाहीत असं पाहा. पैशांचं त्यानंतर बोलता येतं.

आधी कागदावर हिशोब

फी हा खर्चाचा डोळ्यांना दिसणारा भाग. खरा भार बहुतेक वेळा दुसरीकडेच असतो. एक कोरा कागद घ्या आणि डॉक्टरांची फी, औषधं, तपासण्या, जाण्या-येण्याचं भाडं, रुग्णाची बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी असं सगळं एकाखाली एक लिहा. घरात लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, तर त्या दिवशी त्यांच्याजवळ कोण थांबणार तेही लिहा. भेट चुकते ती पुष्कळदा त्यापायी.

मी हा हिशोब पैशांऐवजी मजुरीच्या दिवसांत मांडते. एका भेटीला किती दिवसांची कमाई लागते? लांबच्या सरकारी रुग्णालयात उपचार मोफत आहे, पण दोघांचा पूर्ण दिवस जातो आणि भाडं साधारण अर्ध्या दिवसाच्या कमाईइतकं होतं. म्हणजे ती मोफत भेट अडीच दिवसांना पडली. घराजवळचा डॉक्टर संध्याकाळी बसतो, एक दिवसाच्या मजुरीइतकी फी घेतो आणि कामाचा खाडा होत नाही. ही भेट एका दिवसाची. अशी बेरीज केल्यावर कधी सरकारी रुग्णालय स्वस्त निघतं, कधी निघत नाही. माझ्या अनुभवात चांगला चालणारा मार्ग मधला असतो. निदान आणि औषधाची घडी मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञांकडून बसवून घ्यायची आणि नंतरचा पाठपुरावा त्यांच्याच चिठ्ठीवर जवळच्या डॉक्टरांकडे करायचा. ‘अधल्यामधल्या भेटी आमच्या गावच्या डॉक्टरांकडे चालतील का?’ असं पहिल्याच दिवशी विचारा आणि हो म्हणाले तर तसं चिठ्ठीवर लिहून घ्या.

आता भेटी किती धरायच्या? सुरुवातीचे दोन-तीन महिने साधारण दोन ते चार आठवड्यांनी एक, आणि घडी बसल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी एक. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला त्याहून जास्त. बरं वाटू लागल्यावरही निदान सहा महिने गोळ्या चालू ठेवायच्या असतात, नाहीतर आजार उलटण्याचा धोका वाढतो. म्हणजे नैराश्य पहिल्यांदाच आलं असलं तरी वर्षभराची तयारी ठेवा. स्किझोफ्रेनिया (भास होणं, खोट्या शंका मनात पक्क्या बसणं) किंवा बायपोलर आजार (कधी अतिउत्साह, कधी नैराश्य) असेल तर हिशोब कित्येक वर्षांचा असतो. हे ऐकून धीर सुटतो, मला ठाऊक आहे. पण आधी कळलं की त्या बेतानं डॉक्टर आणि औषध निवडता येतं.

पहिलं दार

प्रत्येक मानसिक त्रासाला थेट मानसोपचारतज्ज्ञच हवा असं नाही. साधं ते मध्यम नैराश्य, चिंता, झोपेच्या तक्रारी यांवर प्रशिक्षण घेतलेले सामान्य डॉक्टर चांगला उपचार करू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली सुरू केलेला कार्यक्रम नेमका याच कल्पनेवर उभा आहे. जिथे तज्ज्ञ कमी आहेत, तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर आणि परिचारिका यांनाच हे उपचार शिकवायचे. त्यामुळे जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन ‘इथे मनाच्या आजारांवर औषधं मिळतात का, तज्ज्ञ कोणत्या दिवशी येतात?’ एवढं विचारून या.

थेट तज्ज्ञाकडे केव्हा जायचं? कानात आवाज येणं, कोणीतरी मागावर आहे अशी पक्की शंका, दिवसेंदिवस न झोपता चढलेला विलक्षण उत्साह आणि उधळपट्टी, बाळंतपणानंतर ढासळलेली अवस्था, किंवा दोन औषधं पुरेसा काळ घेऊनही गुण न येणं, अशा वेळी. कमी पैशांत चांगला तज्ज्ञ हवा असेल तर वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आधी पाहा. तिथे शिकणारे डॉक्टर तपासतात म्हणून लोक बिचकतात. मला उलट वाटतं. शिकणारा डॉक्टर पहिल्या दिवशी सविस्तर इतिहास लिहून घेतो आणि तो वरिष्ठांपुढे मांडतो. म्हणजे एका भेटीत दोन जणांची नजर पडते.

जाण्याआधी फोन करा किंवा तिथे गेलेल्या कोणाला तरी विचारा. नवे रुग्ण कोणत्या वारी घेतात, नोंदणी किती वाजता बंद होते, कोणती कागदपत्रं लागतात, उत्पन्नाच्या दाखल्यावर सूट मिळते का? यातलं एक जरी चुकलं तरी फेरी वाया जाते, आणि फुकट गेलेल्या एका फेरीनंतर पुन्हा न गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

पहिल्या भेटीचा पुरेपूर उपयोग व्हावा म्हणून एका पानावर टिपण काढून न्या. त्रास कधीपासून आहे, झोप आणि भूक कशी आहे, काम जमतंय का, आधी कोणतं औषध घेतलं आणि त्याचं काय झालं, घरात इतर कोणाला असा आजार होता का, दारू-तंबाखू किती, दुसऱ्या कोणत्या आजाराच्या गोळ्या चालू आहेत. आधीच्या औषधांची रिकामी पाकिटं असतील तर ती पिशवीत टाका. लागू न पडलेलं औषध पुन्हा सुरू होऊन महिनाभर त्यात घालवण्यापेक्षा हे बरं.

नैराश्यासाठी ‘पीएचक्यू-९’ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली आहे. ती वापरायला पैसे लागत नाहीत की परवानगी लागत नाही. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न असतात आणि गुण ० ते २७ मध्ये येतात. १० किंवा त्याहून जास्त आले तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याव्यतिरिक्त काहीही उत्तर आलं तर बेरीज कितीही असो, थांबू नका. हिच्यावरून स्वतः निदान ठरवायचं नसतं, पण दर दोन-तीन आठवड्यांनी भरून तारखेसकट ठेवली तर सुधारणा आकड्यात दिसते आणि डॉक्टरांचा वेळ वाचतो.

तपासण्यांचंही इथेच सांगते. थायरॉइडचं काम मंदावलं, रक्त कमी झालं किंवा ब-१२ जीवनसत्त्व घटलं, तर माणूस थकलेला, उदास, विसराळू दिसतो. म्हणून थोड्या रक्त तपासण्या डॉक्टरांनी सांगितल्या तर त्या कराव्यात. पण साध्या नैराश्यासाठी किंवा चिंतेसाठी मेंदूचा स्कॅन एरवी लागत नाही. डोक्याला मार, फिट, एकाएकी आलेला गोंधळ, उतारवयात पहिल्यांदाच बदललेलं वागणं, अशी कारणं असली तर गोष्ट वेगळी. कारण न सांगता महागडी तपासणी लिहून दिली, तर ‘या तपासणीवरून उपचारात काय बदलेल?’ असं शांतपणे विचारा.

पैशांचं बोलणं डॉक्टरांपुढे

हे सगळ्यांना अवघड जातं. दारिद्र्याची लाज आणि आजाराची लाज दोन्ही एकाच खोलीत उघड करायची असतात. म्हणून बरीच माणसं मान डोलावतात, चिठ्ठी घेतात आणि औषधांच्या दुकानात किंमत ऐकून अर्धीच औषधं घेऊन परततात. डॉक्टरांना याचा पत्ताच नसतो. गुण आला नाही असं पाहून ते डोस वाढवतात.

तुम्ही न बोलण्यामुळे असं होतं. तेव्हा बोला, आणि चिठ्ठी लिहिली जाण्याआधी बोला. वाक्यं घरून ठरवून जा. ‘डॉक्टर, महिन्याला औषधांवर मी एवढेच खर्च करू शकते, त्यात बसेल असं काही लिहून द्याल का?’ ‘यातलं अगदी गरजेचं कोणतं, आणि कोणतं नसलं तरी चालेल?’ ‘हेच औषध दुसऱ्या कंपनीचं स्वस्त घेतलं तर चालेल का?’ ‘पुढची भेट फोनवर होऊ शकेल का?’ चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. एका कुटुंबाबरोबर मी गेले होते, त्यांच्या चिठ्ठीवर सहा नावं होती. मुलीनं थरथरत दुसरा प्रश्न विचारला आणि चिठ्ठी दोन नावांवर आली. उरलेली चार शक्तीची औषधं, पोटाची गोळी अशी होती.

फीबद्दलही विचारता येतं. अनेक खासगी तज्ज्ञ आणि समुपदेशक भेटीच्या काही वेळा कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी कमी फीत राखून ठेवतात, पण तशी पाटी लावत नाहीत. आत जाऊन विचारणं जड वाटत असेल तर नाव नोंदवतानाच फोनवर विचारा. मोठ्या रुग्णालयात सोशल वर्कर असतात. सवलतीचे अर्ज, धर्मादाय निधी, औषधांची मदत, प्रवासाची सूट हे सगळं त्यांना ठाऊक असतं. रांगेत कोणी सांगत नाही, म्हणून त्यांची खोली तुम्हीच शोधून काढायची. नोकरीत विमा असेल तर त्यात मानसिक आजार धरले आहेत का, आणि बाह्यरुग्ण उपचाराचे पैसे मिळतात की फक्त दाखल झाल्यावर, हे पॉलिसीच्या कागदावर वाचून घ्या.

औषधांवरचा खर्च

ही या विषयातली सगळ्यात दिलासा देणारी बाजू आहे, पण फार थोड्या लोकांपर्यंत पोहोचते. मानसिक आजारांवरची परिणामकारक औषधं बहुतांशी जुनी आहेत आणि जुनी असल्यामुळे स्वस्त आहेत. बायपोलर आजारावरचं लिथियम हा निसर्गात सापडणारा क्षार. जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९४९ साली त्याचा उपयोग मांडला, आणि त्यावर कुणालाच पेटंट घेता आलं नाही. नैराश्यावरचं फ्लुओक्सेटीन १९८७ साली अमेरिकेत मंजूर झालं आणि २००१ साली तिथलं त्याचं पेटंट संपल्यावर कितीतरी कंपन्या ते बनवू लागल्या. जागतिक आरोग्य संघटना १९७७ पासून आवश्यक औषधांची यादी काढते. फ्लुओक्सेटीन, लिथियम, आणि स्किझोफ्रेनियासारख्या आजारांवरची हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, क्लोझापीन ही सगळी त्या यादीत आहेत. जी औषधं कुठल्याही आरोग्य व्यवस्थेत मिळायलाच हवीत, त्यांचीच नावं या यादीत येतात.

तेव्हा पहिलं काम म्हणजे औषधाचं मूळ नाव ओळखायला शिकणं. पाकिटावर मोठ्या अक्षरात कंपनीनं दिलेलं नाव असतं, त्याखाली बारीक अक्षरात मूळ औषध आणि मिलिग्रॅम. ते बारीक नाव वहीत उतरवा. दुकानात ते दाखवून ‘याचं जेनेरिक आहे का?’, म्हणजे मूळ नावानं विकलं जाणारं तेच औषध स्वस्तात आहे का, असं विचारा. दोन-तीन दुकानांत किंमत पाहा, सरकारी औषध केंद्र जवळ असेल तर आधी तिथे. एकदा लागू पडलेली कंपनी शक्यतो तीच ठेवा, विशेषतः लिथियम आणि फिटच्या गोळ्यांच्या बाबतीत. दर महिन्याला बदलत राहू नका.

एकाच गोळीत दोन औषधं मिसळलेली असतील तर ती दोन वेगळी घेऊन स्वस्त पडतात का, हे विचारून ठेवा. वेगळी घेतली तर डोस कमी-जास्त करणंही सोपं जातं. जास्त ताकदीची गोळी अर्धी करून घेतली तर कधीकधी बचत होते, पण ती डॉक्टर किंवा औषधविक्रेत्याला विचारूनच. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या तोडल्या तर औषध एकदम अंगात उतरतं. घडी बसलेली असेल तर एकदम दोन महिन्यांची औषधं घेतली की एक फेरी वाचते. मात्र घरात आत्महत्येचे विचार असलेलं माणूस असेल तर असा साठा करू नका. थोडी थोडी आणा आणि दुसऱ्याच्या ताब्यात ठेवा.

रोज गोळी घेणं जमत नसेल, विशेषतः स्किझोफ्रेनियात, तर दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन असतं. नवी इंजेक्शनं महाग आहेत, पण हॅलोपेरिडॉल आणि फ्लुफेनाझिन यांची जुनी इंजेक्शनं स्वस्त पडतात. रोज घरात होणारी वादावादी थांबते हा त्याचा दुसरा फायदा, आणि काळजी घेणाऱ्यांना तो फार मोठा वाटतो.

स्वस्त औषधामागे एखादा छुपा खर्चही असतो. लिथियमची गोळी स्वस्त, पण रक्तातली पातळी, मूत्रपिंड आणि थायरॉइड वेळोवेळी तपासावं लागतं. क्लोझापीनला पहिले काही महिने वरचेवर रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात. या तपासण्या मोफत किंवा सवलतीत कुठे होतील ते आधी ठरवा, मगच औषध सुरू करा. पैसे वाचवायला त्या टाळणं जिवावर बेतू शकतं.

बोलण्याचा उपचार

गोळ्या एकवेळ परवडतात, समुपदेशन परवडत नाही, ही तक्रार खरी आहे. दर आठवड्याला तासभर तज्ज्ञाचा वेळ विकत घेणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेर असतं. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या बाबतीत फार मोलाचं काम झालं आहे, आणि ते गरीब वस्त्यांतच झालं आहे.

झिंबाब्वेची राजधानी हरारे इथे डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली वस्तीतल्या चौदा आज्यांना हाताशी धरलं. दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसून त्या येणाऱ्याचं ऐकून घेत आणि अडचण नेमकी पकडून तिच्यावर एकेक पाऊल टाकायला मदत करत. २०१६ साली या उपचाराचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर नेहमीची मदत मिळालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना नैराश्याची लक्षणं होती. आज्यांकडे गेलेल्यांत हे प्रमाण साधारण १४ टक्के होतं. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिकांना शिकवलं. सहा ते आठ भेटींच्या उपचारानंतर तीन महिन्यांनी ६४ टक्के लोकांचं नैराश्य उतरलं होतं. ज्यांना हा उपचार मिळाला नाही त्यांच्यात ३९ टक्के. हे निष्कर्ष २०१७ साली आले.

याचा तुमच्या दृष्टीनं अर्थ असा, की नीट शिकलेला आणि वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करणारा आरोग्यसेवक किंवा विद्यार्थी समुपदेशक ही तडजोड समजू नका. मानसशास्त्र आणि समाजकार्य शिकवणाऱ्या महाविद्यालयांना विचारा, अनेक ठिकाणी विद्यार्थ्यांची कमी फीची केंद्रं असतात. तिथे एकच प्रश्न विचारायचा, ‘तुमच्या कामावर कोणाची देखरेख असते?’ उत्तर स्पष्ट असेल तर जा. गटात होणारा उपचारही स्वस्त असतो. युगांडात खेड्यांमध्ये झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गटातल्या उपचारानं नैराश्य बरंच कमी झालं. अनोळखी लोकांपुढे बोलायची भीती वाटते, पण पहिल्या एक-दोन वेळा नुसतं ऐकत बसलं तरी चालतं.

समुपदेशकाकडे जात असाल तर पहिल्याच दिवशी सांगा की तुम्हाला सहा किंवा आठच भेटी परवडतील. मग तो त्या बेतानं आखणी करतो. पहिल्या चार भेटी आठवड्याला आणि पुढच्या पंधरवड्यानं घेतल्या तर त्याच पैशांत जास्त काळ आधार मिळतो. दोन भेटींच्या मधे करायचं काम मागून घ्या आणि ते खरोखर करा, कारण उपचाराचा मोठा भाग तिथेच होतो.

अशा कामातला एक प्रकार घरच्या घरी सुरू करता येतो, म्हणून तो जरा सविस्तर सांगते. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. सोडलेल्या प्रत्येक गोष्टीबरोबर बरं वाटण्याचं एक कारण कमी होतं, आणि मग आणखी काही करावंसं वाटत नाही. ते चक्र उलटं फिरवायचं. आठवडाभर वहीत दर दोन-तीन तासांनी काय केलं आणि मन कसं होतं ते ० ते १० मध्ये लिहा. आकडा थोडा जरी वर गेला तिथे खूण करा. पुढच्या आठवड्यासाठी अशा दोन-तीन लहान गोष्टी वार आणि वेळ ठरवून लिहा. दहा मिनिटं चालणं, एका माणसाला फोन, राहून गेलेलं एक काम. इच्छा होण्याची वाट पाहायची नाही, वेळ झाली की करायचं. इच्छा मागाहून येते. २०१६ साली इंग्लंडमध्ये ४४० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात कमी अनुभवाच्या सेवकांनी दिलेला असा उपचार, तज्ज्ञांनी दिलेल्या महागड्या उपचाराच्या तोडीचा ठरला आणि त्याहून स्वस्तही पडला. नैराश्य तीव्र असेल तर एवढ्यावर भागणार नाही, पण वाट पाहण्याच्या काळात हाताशी काहीतरी असतं.

ताणाशी सामना करायला जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये काढलेली सचित्र पुस्तिका मोफत मिळते, सोबत ऐकायचे सरावही आहेत. दारूच्या व्यसनासाठी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही १९३५ साली सुरू झालेली चळवळ आहे. तिच्या सभांना फी नसते, आणि कुटुंबीयांचे वेगळे गट असतात. मोफत अ‍ॅप घेताना मात्र सावध राहा. ते कोणी बनवलं आणि तुमची माहिती कुठे जाते हे कळत नसेल तर त्यात मनातलं लिहू नका.

इथे काटकसर नको

औषध पुरवून पुरवून एक दिवसाआड घेणं, गोळ्या अचानक बंद करणं, शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेणं. तिन्ही प्रकार नेहमी घडतात आणि तिन्ही महागात पडतात. नैराश्यावरची काही औषधं एकदम थांबवली की चक्कर, मळमळ, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होतं. लिथियम अचानक सोडलं तर आजार उसळून येऊ शकतो.

झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्या स्वस्त असतात आणि लगेच बरं वाटतं, म्हणून लोक जुन्या चिठ्ठीवर त्याच घेत राहतात. डायझेपामच्या जातीच्या या गोळ्यांची काही आठवड्यांतच सवय लागू शकते. सुरुवातीला थोड्या दिवसांसाठी त्या दिल्या जातात ते ठीक, पण ‘या कधी बंद करायच्या?’ हे त्याच दिवशी विचारून लिहून घ्या. महिनोन्महिने घेत असाल तर मनानं तोडू नका, डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करा.

आणि कर्ज काढून दूरच्या निवासी केंद्रात माणसाला ठेवण्याआधी दहा वेळा विचार करा. ‘पूर्ण बरा करून देतो’ अशी हमी देणारा, भेटू न देणारा, तिथे डॉक्टर कोण हे न सांगणारा कोणीही असो, त्याला पैसे देऊ नका. एका घरानं अशा ठिकाणासाठी जमिनीचा तुकडा विकला. मुलगा तीन महिन्यांनी परतला तेव्हा त्याच्याकडे साधी औषधांची यादीही नव्हती.

कागद सांभाळा

एक फाइल करा. सगळ्या चिठ्ठ्या, तपासण्या, बिलं तारखेनुसार लावा आणि प्रत्येक कागदाचा फोटो काढून घरातल्या दोन फोनमध्ये ठेवा. डॉक्टर बदलावा लागला तर या फाइलमुळे सुरुवातीच्या फेऱ्या आणि तपासण्या वाचतात. सवलतीच्या अर्जाला, विम्याला, आजारपणाच्या रजेला, अपंगत्वाच्या दाखल्याला हेच कागद लागतात. फाइलच्या पहिल्या पानावर चालू औषधांची मूळ नावं, डोस, आणि आजार परत येऊ लागल्याच्या तुमच्या खुणा लिहा. कोणाची आधी झोप उडते, कोणी फोन उचलणं बंद करतं, कोणी एकाएकी भरभरून बोलू लागतं. त्या खुणा दिसल्या की आठवड्याच्या आत दाखवलं तर डोस थोडा बदलून भागतं. महिना गेला तर दाखल करावं लागू शकतं.

मधेच पैसे संपले तर

काम सुटतं, घरात दुसरं आजारपण येतं. असं झालं तर भेट चुकवून गप्प राहू नका. औषधं संपायच्या आठवडाभर आधी दवाखान्यात फोन करा आणि सांगा, ‘पुढचे दोन महिने पैसे नाहीत, औषध थांबवायचं नाही, काय करता येईल?’ डॉक्टर स्वस्त औषधाकडे वळवू शकतात, भेट पुढे ढकलून चिठ्ठी लांबवू शकतात, सरकारी दवाखान्याला पत्र देऊ शकतात, आणि थांबवावंच लागणार असेल तर डोस कसा उतरवायचा ते सांगू शकतात. फोन लागला नाही तर फाइल घेऊन जवळच्या आरोग्य केंद्रात जा. मधे काही दिवस खंड पडला असेल तर लपवू नका आणि आपणहून जुना पूर्ण डोस सुरू करू नका. क्लोझापीन दोन दिवसांपेक्षा जास्त सुटलं तर पुन्हा अगदी लहान डोसपासून चढवावं लागतं. किती दिवस सुटलं ते तारखेसकट सांगा. रागावतील या भीतीनं लोक परत जात नाहीत, आणि क्वचित कोणी रागावतंही. तरी जा, सोबत कोणाला तरी घेऊन जा.